मदत हवी आहे : बाबांची स्पोर्ट्स कार दान करायची आहे, अर्जंट

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. बाबांची दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार आहे. कलेक्टर लोक अधूनमधून विचारायला येतात. ती एका वृद्धाश्रमाला दान द्यायची ठरलंय. प्रश्न दोनच. 80जीची, म्हणजे दानावरच्या आयकर सुटीची, पावती किती रकमेची मिळेल? आणि आरटीओत कुठला फॉर्म भरायचा? या महिन्याच्या 31 तारखेला घर रिकामं करून द्यायचंय, तेव्हा कृपया "आधी सर्च करा" म्हणू नका.

चोर्ला_रायडर:
कुठली गाडी? कुठलं साल? पासिंग कुठलं? फोटो टाका की ओ.

न्यूजर्सीचे_आजोबा:
एकदम सोपं आहे. मी इकडे माझी जुनी कन्व्हर्टिबल संस्थेला दिली. ते स्वतः टो करून घेऊन गेले आणि 1098-सी फॉर्म, म्हणजे गाडीदानाची पावती, पाठवला. त्यांनी ती लिलावात विकली, जेवढे डॉलर आले तेवढी सूट मला मिळाली. पूर्वी लोक मनाला येईल ती किंमत लावायचे, 2005 पासून ते बंद झालं.

शहापूरची_सीए:
काका, ते अमेरिकेचं. इकडे 80जीत सूट फक्त पैशाच्या दानाला. वस्तू दिली, मग ती मोटार असो की तांदळाचं पोतं, सूट शून्य. त्यातही 2,000 च्या वर रोख चालत नाही आणि जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच उपयोग. टिळकवाडीकर, तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात? संस्थेकडे 80जीची नोंदणी आहे का? त्यांना फॉर्म 10बीई, म्हणजे दानाचं प्रमाणपत्र, द्यावं लागेल.

टिळकवाडीकर:
संस्था चांगली आहे हो. मी फॉर्म विचारला होता.

कुंदा_आणि_चहा:
धर्मस्थळला द्या! तिथं मंजूषा संग्रहालयात कसल्या एकेक जुन्या गाड्या आहेत. आणि दसऱ्याला कोल्हापूरला जा, छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते, बघून डोळे निवतात. आम्ही लहानपणी निपाणीहून एसटीनं जायचो.

चोर्ला_रायडर:
निपाणीहून एसटीनं कसं? तिकडं कर्नाटकची केएसआरटीसी नव्हती काय?

कुंदा_आणि_चहा:
दोन्ही होत्या. विषय गाडीचा आहे.

उद्यमबागचा_फिटर:
इंजिन जाम असलं तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडा, दोन दिवस ठेवा, मग हातानं फिरवून बघा. स्टार्टर मारू नका. बुश, पिन काय लागलं तर आमच्याकडं लेथवर करून मिळतं.

टिळकवाडीकर:
इंजिन चालू आहे की नाही हा प्रश्न नाहीये!! सॅन स्टॉर्म आहे, 2001 ची, लाल. गोवा पासिंग. कागद बाबांच्या नावावर आहेत.

चोर्ला_रायडर:
अरारारा, सॅन स्टॉर्म! हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना. गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, रेनोचं 1149 सीसी इंजिन. मोजक्याच उरल्यात. वृद्धाश्रम तिचं करणार काय? आजोबांना बाजाराला नेणार, दोन सीटवर?

सदाशिव_तात्या:
व्हिंटेज नोंदणी करून टाका आधी. 2021 चा नियम आहे, 20,000 रुपये फी, दहा वर्षं चालते, नंबरात व्हीए येतं.

चोर्ला_रायडर:
तात्या, त्याला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. ही 2001 ची. म्हणजे 2051 उजाडेपर्यंत वाट बघायची.

सदाशिव_तात्या:
मी नियम सांगितला. वय मोजायचं काम तुमचं.

शहापूरची_सीए:
"बाबांच्या नावावर" म्हणजे बाबा आहेत ना? त्यांनीच सही केली तर बरं.

टिळकवाडीकर:
बाबा 2022 मध्ये गेले. विकू नको, दान कर, एवढंच म्हणाले होते. म्हणून तर हा खटाटोप.

शहापूरची_सीए:
वाईट वाटलं. खरं हे आधी सांगायला हवं होतं, सगळं बदलतं. गाडी आधी वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म 31, तोसुद्धा तीन महिन्यांत द्यायचा असतो, आता उशिराचा दंड. आई, भावंडं आहेत? त्यांची संमती लागेल. तुमच्या नावावर आली की मग संस्थेला देताना मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. आणि आरसी 15 वर्षांचीच, म्हणजे 2016 ला संपली. ती रिन्यू केलीय का?

टिळकवाडीकर:
नाही. बाबा म्हणायचे गॅरेजात उभी आहे तर कशाला. ताई सांगलीला असते, ती सही देईल.

चोर्ला_रायडर:
आणि गोव्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इकडं बेळगावात राहिली की इथं परत नोंदवायची, गोव्याची एनओसी आणून. या महिन्यात होतंय होय? माझं ऐका, कलेक्टरला विका, चेकनं पैसे घ्या, ते वृद्धाश्रमाला द्या. औषधाला, गाद्यांना उपयोगी पडतील.

शहापूरची_सीए:
एकदा चोर्ला_रायडरशी सहमत, लिहून ठेवा. स्वतःच्या वापरातली मोटार विकून फायदा झाला तरी त्यावर कॅपिटल गेन टॅक्स नाही. पैसे दिलेत की 80जीची पावती खरी मिळेल. खरं वारसाची नोंद टळत नाही, विकायलाही ती लागतेच.

न्यूजर्सीचे_आजोबा:
वडील "विकू नको" म्हणाले ना? शब्द पाळावा माणसानं.

निपाणीची_सून:
वृद्धाश्रमाला विचारलंय का पण कुणी?

टिळकवाडीकर:
आज विचारलं. तिथले काका हसले. म्हणाले, "बाळ, आमच्याकडं पाण्याचा टँकर उभा करायलाच जागा नाही." ते विकून पैसे घेतील, पण कागद क्लिअर असतील तरच. म्हणजे विकायचीच, फक्त कुणी विकायची एवढाच फरक. आई म्हणते, बाबांना तूच विकलीस तर राग यायचा, दुसऱ्यानं विकली तर चालेल.

उद्यमबागचा_फिटर:
आईंचं बरोबर आहे.

टिळकवाडीकर:
फिटर अण्णा, तुमचं डिझेल घातलं शेवटी, हातानं अर्धा फेरा फिरलं. आणि चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. आरसीवर शेवटून दुसरा आकडा 3 आहे, छापात तो 8 सारखा येतोय. गंज आहे की खरंच 8, कळत नाही. फोटो टाकू का?

चोर्ला_रायडर:
टाका. आणि वायर ब्रश लावू नका, हात जोडतो.