एक्सपीचे तक्ते आणि आपापले क्लास : तुमच्या टेबलावर काय झालं ते सांगा

धंतोली (धागा मी सुरू करतोय)

मे महिन्यात दुपारी बारानंतर नागपुरात घराबाहेर पडायचा प्रश्नच नसतो, म्हणून आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ) तेव्हाच चालतं, कूलरसमोर सतरंजी टाकायची न कागद उडू नये म्हणून त्यावर पाण्याचे ग्लास ठेवायचे. १९८१ चे बेसिक-एक्स्पर्ट नियम खेळून राहिलो आम्ही. त्यात प्रत्येक क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) तक्ता वेगळा, म्हणजे दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला (चोर) १,२०० एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागतात, क्लेरिकला (पुजारी) १,५००, फायटरला (लढवय्या) २,०००, मॅजिक-यूजरला (जादूगार) २,५०० आणि एल्फला सरळ ४,०००. आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा, अकरावीतला, मॅजिक-यूजर घेऊन बसला. दिवसाला एक मंत्र, हिट पॉइंट (किती मार सोसेल ते) चार बाजूंच्या फाशावर. एकदा स्लीप (झोपवायचा मंत्र) टाकला की उरलेला दिवस कंदील धरायचा. तिसऱ्या दुपारी त्यानं विचारलं, "दादा, सगळ्यात कमजोर मी, तं जास्त पॉइंट मलेच काहून लागतात?"

उत्तर मला माहीत होतं, पुढे तो सगळ्यांना मागे टाकणार म्हणून आत्ता त्याला महाग. पण ते सांगताना माझं मलाच पटेना, कारण तो हिशोब वर्षभराचा आहे न पोरगा कंटाळला होता त्या दिवशी. तुमचे अनुभव लिहा, नियम कोणतेही असोत.

महाल

मी दोन वर्षं थीफ खेळले. सगळे म्हणायचे तुझी लेव्हल लवकर वाढते, तुला काय टेन्शन. एकदा वहीत बसून मांडलंच. ४,८०० एक्सपीला मी चौथ्या लेव्हलला, फायटर तिसऱ्या. माझे चार फासे चार बाजूंचे, सरासरी १० हिट पॉइंट. त्याचे तीन फासे आठ बाजूंचे, साडेतेरा. म्हणजे लेव्हल पुढे असूनही मार खायची ताकद कमीच. आणि पहिल्या लेव्हलला कुलूप उघडायचा चान्स १५ टक्के, सापळा शोधायचा १०! ज्या कामासाठी मला सोबत घेतलं तेच काम दहातून नऊ वेळा फसायचं, लेव्हल वाढली तरी ते टक्के फार हळू चढतात. स्वस्त लेव्हलनं माझी उणीव भरून निघाली नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. शेवटी आमच्या डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) ठरवलं की खोलीत सापळा कुठे आहे हे मी नीट वर्णन करून शोधलं, काठीनं फरशी ठोकून वगैरे, तं फासा टाकायचाच नाही. तेव्हा कुठे मजा यायला लागली.

प्रतापनगर

एल्फबद्दल लिहितो. चिलखतही घालतो, तलवारही चालवतो, मंत्रही टाकतो, आणि याची किंमत काय तर ४,००० न पुढे दहाव्या लेव्हलची मर्यादा. कागदावर बरोबर आहे. पण आमचा ग्रुप कॉलेजचा, शेवटच्या वर्षानंतर दोघं पुण्याला, एक बंगलोरला, झालं, संपलं. एल्फवाल्याचा फायदा पहिल्या दिवसापासून होता आणि किंमत द्यायची वेळ आलीच नाही. वेगळे तक्ते ज्यांनी केले त्यांनी खेळ वर्षानुवर्षं चालेल असं धरलं होतं. आपल्या इथे पोरं गाव सोडतातच, त्यामुळे पाचव्या लेव्हलच्या आत संपणाऱ्या खेळात हे उधारीचं खातं कोणी चुकवत नाही बाप्पा.

मनीषनगर

आम्ही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर, सगळ्यांना एकच तक्ता, ३००, ९००, २,७०० असा. तरी भानगड झालीच. आमच्यातल्या एकाची रात्रपाळी असायची, तो दर दुसऱ्या रविवारी गैरहजर. जो येईल त्यालाच एक्सपी असा नियम मी केला होता. चार महिन्यांत तो दोन लेव्हल मागे पडला, मग यायचाच बंद झाला. फार वाईट वाटलं मला, नोकरी करतो म्हणून त्याला शिक्षा दिल्यासारखं झालं. आता एक्सपी मोजतच नाही, टप्पा पार झाला की सगळ्यांची लेव्हल एकदम, घरी असलेल्याचीसुद्धा.

इतवारी

थोडं उलट मत. वेगळ्या तक्त्यांची एक गोष्ट कोणी बोलत नाही. एकच तक्ता असला की सगळे एकाच दिवशी लेव्हल वाढवतात, पाऊण तास नुसती पुस्तकं चाळणं. वेगळे असले की आज थीफ, पुढच्या खेपेला क्लेरिक, मग फायटर, दर वेळी कोणाच्या तरी घरी लग्न असल्यासारखं. आणि जुन्या नियमात सुरक्षित जागी आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी, ऑर्क नावाचा राक्षस मारला तर फक्त १०, म्हणून आमची पोरं लढाई टाळायला शिकली, बोलणी करायला शिकली. फायटर एकटा हावी होत नाही मग. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं सगळ्यांचा तक्ता एक केला, त्यात सोय आहे, पण हे गेलं.

धंतोली

आता त्या मॅजिक-यूजरवाल्या पोराचं काय झालं ते सांगतो. तक्ता मी बदलला नाही. खजिन्यात मॅजिक-यूजरच्या मंत्रांच्या गुंडाळ्या ठेवायला लागलो, त्या मॅजिक-यूजर न एल्फच वाचू शकतात, तं दिवसाला एकाच्या जागी दोन-तीन मंत्र त्याच्या हातात यायला लागले. कंदील फायटरनं धरला. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये सगळे २०,००० वर पोचले, थीफ सहाव्या लेव्हलला, तो पाचव्या, एल्फ अजून चौथ्यातच. पाचवी म्हणजे फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र), सहा बाजूंचे पाच फासे. आमच्याकडे तसे दोनच होते. आईला हाक मारली, कपाटातून लुडोचा जुना डबा निघाला, त्यातले तीन घेतले. पोरानं पाचही फासे दोन्ही हातांत धरले न कूलर बंद करा म्हणाला, आवाज ऐकायचा आहे.