नोकरी सोडून सॉफ्टवेअरचा धंदा: पीएफ मोडू का?

हिंजवडीकर३३: नोकरीला ७ वर्षं झाली. छोट्या कारखान्यांसाठी स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर करून विकायचंय. घरखर्च हप्त्यासकट महिना ६० हजार. एफडी ८ लाख, पीएफ ११ लाख. पीएफ भांडवलात घालू का? आणि प्रायव्हेट लिमिटेड आत्ताच काढू?

पैचापै: पीएफला हात नको. ५ वर्षांपुढे काढताना कर लागत नाही, म्हणूनच मोह होतो. खातं तसंच ठेवलंत तरी व्याज चालू राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र.

१२ महिन्यांचा घरखर्च ७ लाख २० हजार. तो बाजूला काढला की एफडीतून धंद्याला उरतात ८० हजार. म्हणजे राजीनामा आत्ता नाही, आणखी २-३ लाख साठल्यावर.

त्याआधी स्वतःची हेल्थ पॉलिसी घ्या. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. टर्म इन्शुरन्सही पगाराची स्लिप हातात असतानाच काढा. पुढे विमा कंपनी इन्कम टॅक्सचे रिटर्न मागत बसते.

उधारीखाते: धंदा तोट्याने कमी, अडकलेल्या पैशाने जास्त बुडतो. ५ लाखांचं बिल केलंत की १८ टक्क्यांनी ९० हजार जीएसटी. मासिक रिटर्न असेल तर तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. वर टीडीएस कापला जातो तो वेगळाच. जीएसटीचा पैसा आला की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पण मोठं गिऱ्हाईक नंबर मागतंच.

कलमबहाद्दर: प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपया उलाढाल नसली तरी ऑडिट लागतं. वार्षिक फॉर्म चुकला की प्रत्येकी रोज १०० रुपये दंड. गुंतवणूकदार दारात येईपर्यंत प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, पुरे.

नेमणूकपत्रातलं कोडच्या मालकीचं कलम मात्र आज वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका.

हिंजवडीकर३३: उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, कधी करायची?

उधारीखाते: पहिल्या बिलाआधी. फुकट आहे, सरकारी साइटवरच करा, एजंट नको. नोंदणी असली की गिऱ्हाइकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा.