तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना: प्रती किती, वर्गणी किती, देवघेव कशी?

तळकोकण_वाचनालय

आमचं तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, सरकारी अनुदानाच्या प्रतवारीत ब वर्ग. यंदा स्वतंत्र दिवाळी अंक योजना सुरू करायची असा कार्यकारी मंडळाचा ठराव झाला आहे. आजवर दहा-बारा अंक घेऊन ते नेहमीच्या देवघेवीतच सोडत होतो. त्यात चार अंकांसाठी सगळे अडून बसतात आणि बाकीचे कपाटात पडून राहतात. या वेळी साठेक सभासद नाव देतील असं दिसतंय. प्रती किती घ्याव्यात, वर्गणी काय ठेवावी, अंक किती दिवसांसाठी द्यावा? आमच्या दमट हवेत अंक मार्चपर्यंत टिकवायचे कसे? आणि नवे अंक आले, कार्यक्रम आहे, हे लोकांपर्यंत नीट पोचवायचं कसं?

देवघेव_विभाग

एका वेळी एक अंक धरला तर ६० अंक कायम घरोघरी असणार. मांडणीवर निवडीला आणखी २० तरी हवेत, नाहीतर माणूस हात हलवत परत जातो आणि चार फेऱ्यांनंतर यायचाच बंद होतो. म्हणजे ८० प्रती. पण ८० वेगवेगळे अंक घेऊ नका. ४५ अंक निवडा: १२ अंकांच्या तीन-तीन प्रती, ११ अंकांच्या दोन-दोन, उरलेल्या २२ ची एकेक.

तीन प्रतींत कोण? 'आवाज', 'धनंजय' असे हमखास मागणी असणारे, आणि तुमच्या गावात ज्या दैनिकाचा खप जास्त त्याचा दिवाळी अंक. 'मौज'सारख्या अंकाला वाचक कमी, पण तो अंक घरी जास्त दिवस राहतो, म्हणून दोन प्रती लागतात. मुलांसाठी 'किशोर' दोन तरी घ्याच. राशिभविष्याच्या अंकांना संक्रांतीपर्यंत मागणी असते, पुढे कुणी हात लावत नाही. दोन प्रती पुरतात.

८० प्रती एकदम उचलू नका. आधी ६५ घ्या: सगळे ४५ अंक आणि ठरलेल्या जादा २० प्रती. १५ प्रतींचे पैसे हातात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात तारीखपट्ट्या (अंकात चिकटवलेल्या, देवघेवीच्या तारखेचा शिक्का मारायच्या पट्ट्या) पाहा. ज्या अंकावर शिक्के भराभर पडताहेत त्याच्या जादा प्रती तेव्हा घ्या. दिवाळीनंतर उशिरा येणारे अंकही असतातच.

मुदत पहिला महिना तीन दिवस, नंतर पाच. उशिराला दिवसाला २ रुपये, आणि ते सर्वांकडून सारखे घ्या. पहिल्या महिन्यात आगाऊ नोंदणी अजिबात नको. नोंदवलेला अंक परत आला की तो माणूस येईपर्यंत टेबलावर पडून राहतो. पाच अंकांवर अशा पाच-पाच नोंदी झाल्या की योजनाच तुंबते. त्यापेक्षा परत आलेले अंक संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकत्र मांडणीवर लावा. ही वेळ सगळ्यांना ठाऊक असली की तक्रार राहत नाही.

जमाखर्च

वर्गणीचा हिशोब असा मांडा. अंकाची छापील किंमत सरासरी ३०० धरली तर ८० चे २४,०००. संच घेतला की विक्रेता सूट देतो. १५ टक्के मिळाली तर २०,४०० पडतील. मात्र सूट नंतर येणाऱ्या अंकांनाही लागू आहे हे आधीच लिहून घ्या, नेमकं तिथेच घोडं अडतं. वेष्टन, दोरा, पट्ट्या यांना अंकामागे १२ रुपये, म्हणजे ९६०. एकूण २१,३६०.

६० सभासदांकडून २५० प्रमाणे १५,००० जमतात. तूट ६,३६०. मार्चअखेरीस जादा ३५ प्रती १०० रुपयांना विकल्या तर ३,५०० येतात. उरलेले २,८६० एखाद्या दुकानदाराकडून देणगी म्हणून मिळू शकतात, बदल्यात वेष्टनाच्या आत त्याच्या नावाची चिठ्ठी. वर्गणी ३०० केली तर देणगीची गरजच पडत नाही, आणि मला तेच बरं वाटतं.

जादा प्रती विकायच्या असतील तर त्या योजनेच्या वर्गणीतूनच घ्या, बिल वेगळं घ्या, नोंदवही वेगळी ठेवा. अनुदानाच्या पैशातून घेतलेल्या आणि दाखल नोंदवहीत (वाचनालयाच्या मालकीच्या पुस्तकांच्या वहीत) चढलेल्या प्रती निर्लेखनाशिवाय, म्हणजे रीतसर नोंदीतून कमी केल्याशिवाय, काढता येत नाहीत. विक्रीचा दर आणि तारीख यांचा ठराव आत्ताच करून ठेवा. जे सभासद नाहीत त्यांना योजनेत घ्यायचं असेल तर ५०० अनामत घ्या आणि पावतीवर 'परतीयोग्य' लिहा.

बांधणी_आणि_डागडुजी

अंक आला तसा देवघेवीत सोडलात तर डिसेंबरातच पानं हातात येतील. जाड अंकांचा कणा नुसत्या डिंकाने चिकटवलेला असतो. लोक अंक पालथा ठेवतात, उलटा दुमडून वाचतात, तिथे डिंक तडकतो. उपाय आधीच करायचा. कण्यापासून ५-६ मिलिमीटर आत टोच्याने तीन भोकं पाडा, एक मधोमध आणि दोन कडांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. मेण लावलेला जाड दोरा मधल्या भोकातून सुरू करून मधेच आणा आणि गाठ मागच्या बाजूला मारा. आतला समास १२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टाके घालू नका, ओळींची टोकं शिवणीत जातात आणि वाचणारा अंक आणखी ताणतो. अशा अंकाच्या कण्यावर फेविकॉलचा पातळ हात द्या, वर सुती कापडाची पट्टी बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

पातळ अंकांना मधे पिना असतात. तुमच्या हवेत त्या गंजतात, डाग पसरतो आणि नेमकं तिथेच पान फाटतं. पिना काढून त्याच भोकांतून दोरा घ्या.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, कडेने चिकट सुटतं आणि शेजारचं पान ओढून घेते. मैद्याची पातळ खळ आणि पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी वापरा. खळ दोन दिवसांपुरतीच करा.

सुट्या पुरवण्या सर्वांत आधी हरवतात. पुरवणी मलपृष्ठाच्या आत शिवून टाका आणि पट्टीवर 'पुरवणीसह' लिहा. 'आवाज'ची खिडकीचित्रं, म्हणजे झडप उघडली की खालचं चित्र दिसतं ती, हा वेगळा विषय. कापलेली झडप वारंवार उघडून बिजागरीच्या जागी फाटते. अंक देण्याआधी झडपेच्या मागच्या बाजूला, घडीवरच, बोटभर पातळ कागद खळीने लावा. दहा मिनिटांचं काम, पण अंक मार्चपर्यंत धड राहतो.

तळकोकण_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार, हिशोब तर तसाच मंडळापुढे ठेवतो. आणखी एक. वाड्यांवरचे ज्येष्ठ सभासद दर तीन-चार दिवसांनी येऊ शकत नाहीत. त्यांची सोय कशी करावी?

फिरती_पेटी

त्यांच्यासाठी पिशव्या करा. दहा घरं, दहा क्रमांकाच्या कापडी पिशव्या, प्रत्येकीत तीन अंक: एक कथांचा, एक लेखांचा, एक हलकाफुलका. दर रविवारी पिशवी पुढच्या घरी. दहा आठवड्यांत प्रत्येक घरी तीसही अंक पोचतात. दिवाळीच्या भरात काउंटरलाच अंक कमी पडतात, म्हणून हे जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरू करा. तोवर मागणी ओसरलेली असते आणि ८० मधूनच ३० निघतात. या घरांना वर्गणी १५० पुरे.

पिशवी घरातून परस्पर पुढच्या घरी द्यायला लावू नका. एकाने आठवडा चुकवला की मागची सगळी साखळी थांबते. वाडीतल्या एकाच घरी रविवारी दहाच्या दहा पिशव्या जमवायच्या, पिशवीतल्या यादीवर तीन खुणा करायच्या आणि मगच वाटायच्या.

फलक_आणि_कार्यक्रम

कळवण्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट निरोप, ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच जातो. वर्गणीची पावती देताना सभासदाच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर तिथल्या तिथे जतन करून द्या. आठवड्याला एकच निरोप, ठरलेल्या वारी: नव्या मुखपृष्ठांचा फोटो, खाली मांडणीची वेळ. रोज शुभेच्छा पाठवल्यात तर कामाचा निरोपही कुणी उघडणार नाही. दारातल्या फलकावर तीन ओळींपेक्षा जास्त नको, आणि तारीख उलटली की त्याच दिवशी पुसा. स्थानिक वार्ताहराला बातमी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी द्या. पहिल्याच वाक्यात काय, कुठे, किती वाजता.

कार्यक्रमासाठी प्रत्येक अंकाच्या शेवटी एक रेघांची चिठ्ठी चिकटवा: 'आवडलेला मजकूर, पान क्रमांक'. पुढच्या वाचकाला वाट मिळते आणि डिसेंबरअखेरीस चर्चेचे विषय आपोआप समोर येतात. सर्वाधिक नोंदी असलेले पाच लेख किंवा कथा घ्या, प्रत्येकी दहा मिनिटं, बोलणारे सभासदच. अध्यक्ष, हार, प्रास्ताविक यांत अर्धा तास घालवू नका. जुने अंक असतील तर एका टेबलावर मांडा आणि सोबत फलक लावा, की काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. लोक तिथे थांबून वाचतात.

या चिठ्ठ्या आणि तारीखपट्ट्या मार्चनंतर फेकू नका. ज्या अंकावर सहापेक्षा कमी शिक्के आहेत आणि चिठ्ठीही कोरी आहे, तो पुढच्या वर्षीच्या खरेदीतून काढा.