शब्द हवा : 'लक्ष्यवेधी अब्जांश औषध-वितरण'ला सोपं काय म्हणावं?

राजारामपुरीचा औषधवाला : किमोच्या पेशंटसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. 'टार्गेटेड नॅनोपार्टिकल ड्रग डिलिव्हरी'ला एका लेखात वरचा शब्द वाचला. कागल-गडहिंग्लजहून येणाऱ्या नातेवाइकांना तो कळेल का?

उत्तरेश्वर : 'अब्जांश' अर्थानं बरोबर, मीटरचा अब्जावा भाग. पण 'नॅनो' गाडीमुळं घराघरांत पोचलाय, तोच ठेवा. 'वितरण' म्हटलं की रेशन आठवतं. काढा ते.

शाहूपुरीची प्राध्यापिका : माझा आक्षेप 'लक्ष्यवेधी'ला. वेध म्हणजे नेम लागलाच! लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध घ्या, 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं. साधारण 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध पिशवीत औषध भरलेलं असतं. ती पिशवी नेम धरत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईनं वाढलेल्या, भिंतींना फटी. तिथून कण झिरपतात आणि निचरा नीट नसल्यानं साठून राहतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी 1986 मध्ये हे मांडलं. पण प्रत्येक गाठीच्या फटी सारख्या नसतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा 2016 मध्ये आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचलेला वाटा मध्यकानं (निम्म्या नोंदी याहून कमी, निम्म्या जास्त) फक्त 0.7 टक्के निघाला. बरंचसं यकृत-प्लीहेत अडकतं. गाठीच्या पेशी ओळखून चिकटणारी अँटिबॉडी ज्या कणांवर बसवलेली असते, त्यांच्यासाठी 'लक्ष्यित' राखून ठेवावा.

मंगळवार पेठ : ताई, अगदी खरं. आईला हेच औषध होतं. 'डायरेक्ट गाठीवर जातंय' असंच सगळे सांगायचे. केस बरेच टिकले, हृदयाला धोकाही कमी असतो म्हणे. पण तळहात लाल होऊन सालं निघायला लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी भांड्यांच्या साबणाला दोष दिला. औषध गाठीवरच जातंय म्हटल्यावर हाताशी त्याचा संबंध कुणाला सुचणार?

राजारामपुरीचा औषधवाला : दादा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मग असं लिहितो : 'नॅनोकणांत भरलेलं औषध. साध्या औषधापेक्षा ते गाठीकडं जास्त वळतं, पण फिरतं सगळ्या अंगातून.' आणि 'सलाईनमधून देतात' हेही काढतो. टांगलेल्या प्रत्येक बाटलीला आपण सलाईन म्हणतो, पण हे लालसर औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या पाण्यातच, मिसळायचं असतं, मिठाच्या पाण्यात नाही. 'ड्रिप' लिहितो.

शाहूपुरीची प्राध्यापिका : 'वळतं' चांगलं आहे, तेच ठेवा. तळहात-तळपायांची आग झाली, लाली आली तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा, हे वाक्य मात्र पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत घ्या.