बोंडअळीवर कीटकशास्त्रज्ञांची मुलाखत घ्यायचीये, प्रश्न कसे काढू?

वऱ्हाडी_पोर:
नमस्कार मंडळी, गावचं छोटं यूट्यूब चॅनल चालवतो. गुरुवारी कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञ मॅडमची गुलाबी बोंडअळीवर (कपाशीची बोंडं आतून खाणारी अळी) मुलाखत ठरलीये, अर्धा तास देणारेत. २२ प्रश्न काढलेत पण वाचून बघितले तर सगळे 'बोंडअळी म्हणजे काय', 'शेतकऱ्यांनी काय काळजी घ्यावी', 'जाता जाता काय संदेश द्याल' असलेच. मागे एका डॉक्टरांची घेतली तेव्हा ते पाचव्या मिनिटाला मोबाईल बघायला लागले, ते अजून डोक्यातून जात नाही. सगळ्या गावाची कपाशी आता फुलावर आहे, ही संधी वाया घालवायची नाहीये.

रेडिओताई:
२२ फार झाले रे, अर्ध्या तासात सात-आठच नीट होतात. काळजी काय घ्यावी हे त्यांच्या घडीपत्रिकेत छापलेलंच असतं, ती आधी आणून वाच आणि जिथे आकडा दिसेल तिथे थांब. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले की फवारणी करा असं सांगतात ना, मग विचार की हा ८ कसा ठरला, ७ सापडले तर शेतकऱ्याने काय करायचं. किंवा बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं वाण, २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये, तरी हीच अळी त्याला का पचवायला लागली, अमेरिकन बोंडअळी का नाही? अशा प्रश्नावर तज्ज्ञ माणूस खुर्चीत पुढे सरकून बोलतो, मी कितीदा बघितलंय. आणि एका दमात दोन प्रश्न विचारू नकोस, माणूस सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड राहून जातो.

कपाशीवाला:
भाऊ, सकाळी वावरातून चार डोमकळ्या तोडून ने. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल असते, पाकळ्या आतून चिकटलेल्या. मॅडमच्या हातात दे, कॅमेरा चालू ठेव, त्या उघडून अळी दाखवतील, मग आपसूक बोलतील. दुसरं, बियाण्याच्या पाकिटासोबत ती १२० ग्रॅमची बिगर बीटीची पुडी यायची, बीटीच्या कडेनं लावायला, आमच्याकडे कोणीच लावली नाही, मी बी नाही. ती लावली असती तर काय झालं असतं हे विचारच. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरबी उभी ठेवलेली कपाशी, ठेवू नका म्हणतात पण जानेवारीत भाव चढला, झाडावर बोंडं दिसतायत, तवा उपटायचं कसं? हे माझ्या नावानं विचार.

वऱ्हाडी_पोर:
ताई, काका, मनापासून आभार. संदेशवाला काढून टाकला, ८ पतंगांचा पहिला घेतोय, फरदडीचा काकांच्या शब्दांतच. एकच शंका, त्या बोलताना एखादा शब्द कळला नाही तर मधेच थांबवू का?

रेडिओताई:
थांबव. तुला कळला नाही तो बघणाऱ्यालाही कळलेला नसतो. "मॅडम, हे आमच्या वावरात कसं दिसेल?" एवढंच म्हण आणि गप्प बस, त्या विचार करत असतील तर मधे बोलू नकोस.