कडी आतून की बाहेरून?

खाडीकाठ:
गेली चार वर्षं मी दर शनिवारी ठाण्यातल्या एका महिला निवाऱ्यात शिवण शिकवायला जाते. मार खाऊन, कधी नेसत्या साडीनिशी निघालेल्या बायका तिथे असतात. खोल्यांना आतून कडी नाही. बाहेरून आहे. एक जण रोज रात्री ट्रंक दाराला लावून झोपते आणि रोज सकाळी त्यावरून वॉर्डनची बोलणी खाते.

आता संस्था ऐरोलीत नवी जागा करतेय. नकाशा पाहिला: एका हॉलमध्ये १२ खाटा, लांबलचक पॅसेज, पॅसेजभर कॅमेरे, जेवायला घंटा. माझ्या मते नकाशा चुकलाय. घरात दार कधी धाडकन उघडेल याचा जिला नेम नव्हता, तिला आधी स्वतःच्या हातातली कडी हवी. पडल्या पडल्या दार दिसेल अशी खाट, उशाशी दिव्याचं बटण. आणि पॅसेज एका टोकाला बंद नको; समोरून कुणी आलं तर मागे फिरून निघता आलं पाहिजे. नकाशा कागदावर आहे तोवर या बदलांना पैसे पडत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी:
ताई, शनिवारचे दोन तास वेगळे आणि तिथे रात्र काढणं वेगळं. अशाच एका ठिकाणी मी सात वर्षं रात्रपाळी केली. एकीने बाथरूमची कडी लावून घेतली, दार तोडायला वीस मिनिटं गेली. वाचली ती. दुसऱ्या दिवशी आम्हीच सगळ्या कड्या काढल्या.

खाडीकाठ:
तुमची भीती खोटी नाही. पण बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडणारी लॅच येते. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असलं, तर आत कुणी दाराशी पडलं असलं तरी अडत नाही.

रात्रपाळी:
लॅच दुकानात मिळते हो. १२ जणींमागे रात्री दुसरी बाई मिळत नाही. ती आधी द्या.

हिशेबी:
मुळात बाईनेच घर का सोडायचं? २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा वाचा. कलम १७ प्रमाणे तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, आणि कलम १९ खाली कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर पडायचा आदेश देऊ शकतं. जो पैसा दिव्यांच्या बटणांवर घालताय तो वकील आणि नोकरीवर घाला. खोली कितीही छान असली तरी महिन्याचं भाडं कोण भरणार?

ओळंबा:
आदेश हातात पडेपर्यंतच्या रात्री कुठे काढायच्या, साहेब? मी आर्किटेक्ट आहे, म्हणून धंद्याचं बोलतो. लांब जायला नको, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एक चक्कर मारा. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती मांडली. निवाराही तसाच करा: हॉल नको, सात छोट्या खोल्या आणि मध्ये एक झाड. १९८४ मध्ये रॉजर उल्रिच या संशोधकांनी दाखवलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

हिशेबी:
४६ रुग्ण, तेही पित्ताशयाचे! नवऱ्याच्या मारावर झाडाचा उतारा म्हणून ते कसं चालेल? आणि सात घरांच्या मधलं अंगण म्हणजे सात घरांच्या नजरा. ते धरलंत का हिशेबात?

सेक्रेटरी_सेक्टर८:
मला शिव्या बसतील, तरी लिहितो. आमच्या सोसायटीत असा फ्लॅट द्यायचा विषय निघाला, मी विरोध केला. बायकांना नाही, त्यांच्या मागावर येणाऱ्यांना. आमच्या गेटवरच्या वहीत प्रत्येकाचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल असतो आणि येणारा-जाणारा ती चाळतो. अशा ठिकाणी पत्ता गुप्त कसा राहणार?

खाडीकाठ:
काका, मग वही बदला ना! बायका कशाला बदलताय?

तिकडची:
मी राहिलेय अशा ठिकाणी, अकरा महिने. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

कॅमेरा मला हवा होता. गेटवर. पॅसेजमध्ये नको होता, कारण रात्री बाथरूमला किती वेळा गेले ते सकाळी ऑफिसात बोललं जायचं. झाड होतं, त्याच्याकडे मी कधी पाहिलं नाही. अंगण मिळालं असतं तर सुरुवातीचे दोन-तीन महिने मी त्यात पाऊलही टाकलं नसतं.

सगळ्यात जास्त लागलं ते स्वयंपाकघर. नऊला कुलूप. मला दोन-अडीचला जाग यायची ती यायचीच. सासरीसुद्धा त्या वेळी उठून चहा करायचे, तेवढाच वेळ माझा असायचा. इथे चहासाठी वॉर्डनला उठवायचं, वर का उठलीस ते सांगायचं. शेवटी मी दिवसाच बाटलीत चहा भरून ठेवायला लागले. गार प्यायचा.

ओळंबा:
अठरा वर्षं नकाशे काढतोय, हे कधी सुचलं नाही. पॅसेजच्या टोकाला ओटा आणि सिंक निघेल. चार फुटांची जागा, बस.

रात्रपाळी:
गॅस नको. इंडक्शन ठेवा, सुरी नको, आणि तो ओटा माझ्या टेबलावरून दिसला पाहिजे.

तिकडची:
दिसू दे. विचारू नका म्हणजे झालं.

खाडीकाठ:
मंगळवारी संस्थेची मीटिंग आहे. ओटा आणि रात्रीची दुसरी बाई, दोन्ही मागते. कडीवर रात्रपाळीताईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

रात्रपाळी:
जमणारही नाही. मीटिंग किती वाजता आहे? मी येते.