सोलापुरातल्या तीन भागांत गुन्हे, अव्यवस्था आणि भीती मोजायचीय – आकडे कुठून आणि प्रश्नावली कशी?

जुनी_गल्ली
नमस्कार मंडळी. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी नवी पेठ, विडी घरकुल आणि जुळे सोलापूर हे तीन भाग घेतलेत. साचलेला कचरा, बंद दिवे, उघड्यावरची दारू, टवाळखोरी यांचा लोकांना वाटणाऱ्या भीतीशी आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांशी किती संबंध आहे ते पाहायचंय. एनसीआरबीच्या (देशभरचे गुन्ह्यांचे आकडे छापणारा केंद्राचा विभाग) महानगरांच्या तक्त्यात सोलापूर सापडत नाही. सर्वेक्षण ४०० घरांचं करायचं ठरतंय. मार्गदर्शकांचं म्हणणं, 'तुटलेल्या खिडक्यां'चा सिद्धांत, म्हणजे किरकोळ अव्यवस्था तशीच राहू दिली की पुढे गुन्हे वाढतात हा, धरून चाला. आकडे कुठून घेऊ, ४०० पुरतील का, आणि हा सिद्धांत आपल्याकडे कितपत लागू पडतो?

ठाणे_डायरी
महानगरांच्या तक्त्यात २० लाखांवरची १९ शहरंच असतात, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. सोलापूर २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ होतं, तिथे कसं सापडणार? जिल्हानिहाय तक्ता उघडा. त्यात सोलापूर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. तुमच्या कामाची फक्त पहिली.

पण तो अख्ख्या शहराचा एक आकडा झाला. भागवार हवं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरचे प्रकाशित एफआयआर घ्या. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते २४ तासांत टाकावे लागतात. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळलेली असतात, म्हणून महिलांवरच्या गुन्ह्यांसाठी हा स्रोत वापरू नका. फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी – तुमच्या भागाला लागणारं प्रत्येक ठाणं वेगळं उघडा. ठाण्याची हद्द आणि महापालिकेचा प्रभाग जुळत नाहीत, तेव्हा लोकसंख्येने भागून दर काढायची घाई नको.

आता खरी गोम. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि आकड्यांची मालिका तिथेच तुटली. गळ्यातलं हिसकावून नेणं पूर्वी भादंवि ३९२ खाली जबरी चोरीत किंवा ३७९ खाली साध्या चोरीत जायचं. आता त्याला स्वतंत्र कलम ३०४ आहे. शिवाय ५,००० रुपयांच्या आतली चोरी नव्या प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अदखलपात्र धरली आहे. म्हणजे तिची एनसी होते, एफआयआर नाही. २०२३ आणि २०२५ शेजारी ठेवून 'किरकोळ चोऱ्या घटल्या' असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

मोबाईलचं तर विचारूच नका. खिशातून मारलेला फोन बऱ्याचदा 'गहाळ' म्हणून नोंदवला जातो, कारण विम्याला किंवा नवं सिम घ्यायला तेवढा दाखला पुरतो. वर एनसीआरबीचा नियम असा की एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सगळ्यांत गंभीर एकच मोजायचं. घरफोडी करताना मारहाण झाली की त्यातलं एक कलम आकड्यातून गेलंच.

याला पूरक म्हणून डायल ११२ चे कॉल माहिती अधिकारात मागा: तारीख, वेळ, प्रकार आणि बीट, एवढंच. नाव-नंबर मागितलात की खासगी माहितीचं कलम ८(१)(ञ) पुढे करून अर्ज परत येतो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. कॉल म्हणजे गुन्हा नव्हे, पण भांडण, दंगा, दारूचा त्रास यांचा माग एफआयआरपेक्षा तिथेच बरा लागतो.

नकाशा_नाका
वरच्यात भर. एफआयआरच्या नमुन्यात घटनास्थळ म्हणजे ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर, खाली 'अमुक दवाखान्यासमोर सार्वजनिक रोडवर'. असे पत्ते सॉफ्टवेअरला दिले की जे सापडत नाहीत ते सगळे तो शहराच्या मध्यबिंदूवर किंवा थेट ठाण्यावर टाकतो. मग 'हॉटस्पॉट' म्हणून पोलीस ठाणंच लालभडक दिसतं! एकाच अक्षांश-रेखांशावर पाचपेक्षा जास्त नोंदी आल्या की त्या हाताने तपासा. जागा चौकापासून चौकापर्यंतच्या तुकड्यावर बसवा. जी बसत नाही ती 'जागा अस्पष्ट' म्हणून बाजूला काढा आणि तिचं प्रमाण प्रबंधात छापा.

मोटारसायकल चोरीत वेळ 'रात्री १० ते सकाळी ६' अशी असते. मधली वेळ, म्हणजे २ वाजता, धरू नका. आठ तासांना प्रत्येकी १/८ वाटा द्या, मग बेरीज करा. नाहीतर सगळं शहर रात्री दोनला चोऱ्या करतंय असा आलेख येईल.

आणि एक सूत्र तुमच्या वाचनात येईल: 'शहरातले निम्मे गुन्हे ४ ते ६ टक्के रस्त्यांवर', हे गुन्हेशास्त्रज्ञ वाइसबर्ड यांचं. सिअ‍ॅटलसारख्या शहरात गुन्ह्यांची संख्या प्रचंड असल्यामुळे त्याला अर्थ आहे. तुमच्याकडे समजा २०० एफआयआर आणि ४,००० तुकडे असले, तर एकाही तुकड्यावर दोन गुन्हे नसतानाही सगळेच्या सगळे ५ टक्के रस्त्यांवर बसतात. त्यात एकवटण्यासारखं काही नाही, नुसतं गणित आहे. आधी योगायोगाने किती एकवटतील ते काढा, मग त्याच्याशी तुलना करा.

पूर्वभाग
४०० चं सांगतो. एका मतदान केंद्राच्या यादीतून २० घरं घेतली तर शेजारी-शेजारी सारखंच उत्तर देतात. घरांमधलं साम्य ०.०५ धरलं तरी नमुन्याची ताकद जवळपास निम्मी होते. त्यापेक्षा ४० यादीभाग आणि प्रत्येकी १० घरं घ्या, घट १.४५ पटीवर थांबते. २० टक्के लोक 'भीती वाटते' म्हणाले तर चूक साधारण ±४.७ टक्के, चालेल. पण 'वर्षभरात चोरी झाली का' याला ५ टक्के हो आले तर हातात २० घरं उरतात. त्यांची तीन भागांत वाटणी करून काही सिद्ध होत नाही. म्हणून भीती आणि अव्यवस्था मुख्य ठेवा, बळी पडण्याचा दर सगळ्या नमुन्याचा मिळून एकच सांगा. मतदार यादीत भाडेकरू आणि नुकते आलेले कामगार सुटतात, तेव्हा यादीवरून फक्त गल्ली निवडा आणि घरं जागेवर मोजून ठरलेल्या अंतराने घ्या.

लोक जुन्या घटना 'याच वर्षी' म्हणून सांगतात. सोलापुरात यावर सोपा इलाज आहे: 'गेल्या बारा महिन्यांत' असं विचारण्याऐवजी 'गड्ड्याच्या यात्रेपासून आजपर्यंत' विचारा. ही सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला असते, ती कुणी विसरत नाही. मात्र खुद्द यात्रेच्या दिवसांत फील्डवर जाऊ नका, गर्दी आणि बंदोबस्त दोन्ही नेहमीसारखे नसतात.

प्रश्नावली मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दूत लागेल. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका माल द्यायला कारखान्यात जातात ती वेळ सोडून जा, नाहीतर त्यांच्या वतीने घरातला पुरुष उत्तर देतो. छेडछाडीचे प्रश्न एका घरात एकाच बाईला, एकटीला, आणि विचारणारी बाईच हवी. सासू शेजारी बसली असेल तर ते पान सोडून पुढे जा आणि तशी खूण करा.

'तुमच्या भागात असुरक्षित ठिकाण कुठलं?' असा मोकळा प्रश्न विचारलात की बरेच लोक सेटलमेंटचं नाव घेतील. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तिथे माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, ३१ ऑगस्ट १९५२ ला ती मुक्त झाली, तरी शिक्का काही गेलेला नाही. तुम्ही भीती मोजत नाही, बदनामी मोजता. शिकागोत सॅम्पसन आणि रॉडनबुश यांनी २००४ मध्ये हेच दाखवलं: डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीपेक्षा वस्तीत कोण राहतं यावरून लोक 'अव्यवस्था' ठरवतात. म्हणून ठिकाणाचं नाव लोकांकडून घेऊच नका. 'तुमच्या दारापासून दोनशे पावलांत' असं बांधून विचारा.

ठाणे_डायरी
हे एकदम बरोबर. 'असुरक्षित वस्त्यां'ची यादी प्रबंधात छापली की ती उद्या बातमीत येते, हेही लक्षात असू द्या.

चार_हुतात्मा_चौक
सिद्धांताबद्दल. विल्सन आणि केलिंग यांचा १९८२ चा लेख म्हणजे मांडणी होती, चाचणी नव्हे. शिकागोत व्हिडिओवर हजारो रस्ता-तुकडे टिपून १९९९ मध्ये तपासलं तेव्हा गरिबी आणि शेजाऱ्यांची एकी हिशेबात घेतल्यावर अव्यवस्था-गुन्हे हा संबंध बहुतेक गुन्ह्यांत जवळजवळ विरून गेला. तरी सिद्धांत अगदीच टाकाऊ म्हणू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या २००८ च्या प्रयोगात टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं, पाच युरोची नोट दिसणारं टपालाचं पाकीट स्वच्छ पेटीवर १३ टक्के लोकांनी उचललं, भिंतचित्रांनी विद्रूप पेटीवर २७ टक्के. किरकोळ बेशिस्त पसरते. दरोडे पसरतात हे त्यातून निघत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजा. एक, निरीक्षण. परदेशी यादीतली भिंतचित्रं आपल्याकडे निरुपयोगी आहेत. बंद दिवा, उघडं गटार, बेवारस गाडी, रिकाम्या बाटल्या, ओस पडलेला माग-शेड, बंद गिरणीची भिंत, हे घ्या. 'दिवे पुरेसे आहेत का' असं लिहू नका. खांब किती, पेटलेले किती, ते मोजा. दोघांनी स्वतंत्र नोंद करायची, दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा 'कापा' गुणांक ०.६ च्या खाली आला तर ती बाब फेकून द्या. प्रत्येक तुकडा तीन वेळा पाहा, त्यात एक फेरी रात्री ९ नंतरची. आणि पाणी येण्याचा दिवस लिहायला विसरू नका! पाणी रात्री सुटलं की गल्ली हंडे-पाईप घेऊन जागी असते, दुसऱ्या रात्री तीच गल्ली ओसाड. दोन्ही नोंदी एकत्र केल्या तर काहीच कळणार नाही.

दुसरं, शेजाऱ्यांची एकी. 'पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर बसली तर शेजारी हटकतील का?' असं विचारा. 'तुम्ही हटकाल का?' विचारलंत की जो तो हो म्हणतो.

जुनी_गल्ली
खूप आभार सगळ्यांचे. एक अडचण: नवी पेठेत राहणारे कमी, दुकानं जास्त. तिथे १० घरं कशी मिळणार?

पूर्वभाग
तिथे घरांचा नमुना धरूच नका. दुकानदार, फेरीवाले आणि येणारे-जाणारे असे तीन वेगळे गट करा. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दोन ठरलेल्या जागा निवडा, दर दहावा माणूस थांबवा आणि नकार देणाऱ्याचीही नोंद ठेवा. दर दुपारी आणि संध्याकाळी १५-१५ मिनिटं माणसं मोजा. तुमच्या गुन्ह्यांच्या आकड्याला भागायला तीच संख्या हवी, मतदार यादी नव्हे. आणि हे आकडे विडी घरकुलच्या घरांच्या आकड्यांत मिसळू नका, वेगळं प्रकरण करा. ४० यादीभाग मग उरलेल्या दोन भागांत वाटा.